आईचा दगड, दालन क्रमांक दोन

उलवे, रविवार

तीर्थरूप गोदूबायला धाकट्या भावाचा, तुळशीरामचा, पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे मोरा बंदराच्या धक्क्यावर जाऊन मासळी घेण्याइतके तरी बरे असतील असं धरून चालतो. माझी साखर वाढली आहे, ती बातमी सूनबाईने तुला आधीच दिली असेल (अंकिता माझी औषधं विसरते, बातम्या विसरत नाही).

नात पूर्वीला शाळेने वस्तुसंग्रहालय बघून निबंध लिहायला सांगितला, म्हणून मंगळवारी तिला पनवेलला नेलं. पहिल्या दालनात फुटकी मडकी होती. आपल्याकडे मडकं फुटलं की आई ओरडायची, इथे त्यावर दिवा सोडतात. दुसऱ्या दालनात दोरीच्या आत एक दगड उभा होता. पाटीवर लिहिलेलं : वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, भाविकांच्या स्पर्शाने झिजलेला, कडेला तलवारीचे पाच घाव. बाय, तो आपला धुण्याचा दगड! विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा न्हाणीमागे राहिलेला. भाविक म्हणजे आई, तू आणि शेजारची दमयंती. तलवारीचे घाव मी कोयत्याला धार लावताना केले होते (त्याबद्दल आईने मलाही पाच दिले, त्यांची नोंद मात्र कुठे नाही).

मी हात लावायला गेलो तर घंटा वाजली. संग्रहालयाच्या रुचिराबाई धावत आल्या. म्हणाल्या, "काका, हा आठशे वर्षांपूर्वीचा आहे."

"असंल," मी म्हटलं, "आमी कुठं नाय म्हणतो? पण त्यातली चाळीस वर्सं आमच्या आयनं यावर गोधड्या आपटल्यान."

पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी दगडाकडे पाठ करून सांगितलं, पाचवा घाव आखूड असेल, कारण तेव्हा आई मागून आली. बाईंनी टॉर्च लावून पाहिलं. मग खुर्ची मागवली (मला वाटलं स्वतःसाठी, ती माझ्यासाठी होती) आणि दोरी सोडली. मी मधल्या खोलगट जागेवर तळवा ठेवून बसलो. किती वेळ ते ठाऊक नाही. पूर्वीने निबंधात लिहिलं आहे की आजोबांच्या डोळ्यांत धूळ गेली. तिथे धूळ कुठली, काचेसारखी फरशी आहे.

आता नवी पाटी होणार : 'नंतरचा वापर, कपडे धुणे.' कुणाचं नाव घालू, असं बाईंनी विचारलं. बाबांचं चाललं असतं, पण मी आईचं दिलं. सातबाऱ्यावर ते कधी चढलं नाही.

तुझा,
तुळशीराम

ता. क. : दगडावर कोरलेल्या वीराचं डोकं कुठे गेलं, असंही बाईंनी विचारलं. तुटलेला तुकडा तू लग्नानंतर मोऱ्याला नेलास, एवढं मी बोलून गेलो. तू त्यावर मासे साफ करतेस, हे बोललो नाही. शुक्रवारी तो न्यायला संग्रहालयाचा टेम्पो येईल. नाही म्हणू नकोस.

ता. क. दुसरा : नाही म्हणून उपयोगही नाही, मी तुझ्या वतीने सही केली आहे. खवले तेवढे काढून ठेव. पाटीवर आईच्या खाली एक ओळ मोकळी ठेवून घेतली आहे. तुझं नाव माहेरचं घालू की सासरचं, ते उलट टपाली कळव.