जोयाच्या फिटनेसचा इन्चार्ज

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
जोया काल रजेवर आली. सव्वीसला परत, तिथून थेट आफ्रिका. शांतिसेनेत, वर्षभर. युनिटनं पुस्तिका दिलीय: रवाना होण्याआधी महिला जवानांनी तब्येतीचं काय काय बघायचं. चाळीस पानं. गारगोटीच्या शाळेत मी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. त्यामुळे इन्चार्ज मीच. बायकोला, म्हणजे नजीराला, तसं जाहीर केलं. ती भाकरी थापत राहिली.

जोयानं अट घातली: अब्बा, तुमची शुगर तपासल्याबिगर मी जाणार न्हाय, नाव मागं घेते. पोरगी घाबरलीय, निमित्त शोधतेय. मनोबलाकडेही बघावं लागणार.

४ नोव्हेंबर
रनिंग. कसबा बावड्यातून पाच किलोमीटर, मी पुढे, ती मागे. साखर कारखान्याच्या वळणावर थांबलो. मुद्दाम, तिचं टायमिंग घ्यायला. ती टोकापर्यंत जाऊन आली, मग पुन्हा एकदा गेली. शिट्टी नीट वाजली नाही. थंडीचा परिणाम.

६ नोव्हेंबर
पुस्तिका वाचायला घेतली. पान ११ ते १६ स्टेपल करून टाकली. पाळी, फील्डवरची स्वच्छता वगैरे. बापानं वाचायचं नसतं. नजीरानं सुरीनं पिना उचकटल्या आणि मायलेकी तासभर वाचत बसल्या. चहाला उशीर.
वर नजीरा म्हणाली, शाळंत पोरी पोटात दुखतंय म्हटल्या की उन्हात उभं करत हुता, तवा ही पानं वाचाय पायजे हुती की. मुद्दा वेगळा होता. शिस्तीचा.
तिला नीट उत्तर द्यायचं आहे. उद्या.

९ नोव्हेंबर
हिमोग्लोबिन. पुस्तिकेत भर दिलाय. दोन किलो खजूर आणले. जोयाचा रिपोर्ट संध्याकाळी आला: १३.४. उत्तम. खजूर वाया जाऊ नयेत म्हणून मी संपवतोय.

१२ नोव्हेंबर
दूध कट्टा. म्हशीचं समोर काढलेलं, कोमट, फेसाळ दूध. पुस्तिका म्हणते न उकळलेलं दूध पिऊ नये. लिहिणारा कोल्हापूरचा नसणार. जोयानं ग्लासला हात लावला नाही. दोन्ही मीच प्यायलो.

१३ नोव्हेंबर
पोट. पाच वेळा. हवामान बदललंय. रनिंग रद्द. जोया एकटीच दहा किलोमीटर पळून आली.

१५ नोव्हेंबर
पान २२, पायांची काळजी. जोयाला समजावून सांगितलं: जवानानं रोज पाय तपासावेत, छोटी जखमही अंगावर काढू नये. ती म्हणाली, अब्बा, तुमचा मोजा काढा. उजव्या अंगठ्याला बूट चावलाय, महिना झाला असेल. दुखत नाही म्हणजे बरा होतोय. ती बराच वेळ बघत बसली. मग कोमट पाण्यानं पाय धुतला. मला आवडलं नाही ते.

१८ नोव्हेंबर
जोया फोनवर साहेबांना विचारत होती, नाव मागं घ्यायची शेवटची तारीख कुठली. वीस, संध्याकाळी पाच. म्हणजे निमित्त नव्हतं. या जागेसाठी पोरीनं दोन वर्षं घाम गाळलाय. आधी तिच्यावर चिडलो. मग घाबरलो. हे फक्त इथंच लिहितोय.

१९ नोव्हेंबर
नेतृत्व म्हणून स्वतः लॅबमध्ये गेलो. उपाशीपोटी शुगर ३१२. मशीन बिघडलेलं. दुसऱ्या लॅबमध्ये ३१८. नजीरा म्हणाली, दोन्ही मशिनं तुमच्यावरच डूख धरून हायती व्हय?

२० नोव्हेंबर, रात्री
दुपारी ४.२० ला डॉक्टर म्हणाले, हुसेन मास्तर, आजच भरती व्हा, उशीर केलात तर अंगठा काढावा लागेल. मी म्हटलं, सव्वीसला मुलीला स्टेशनवर सोडतो, सत्तावीसला येतो. जोयानं फक्त घड्याळ बघितलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना मी भरतीच्या फॉर्मवर सही केली. तिनं नाव मागं घेतलं नाही.

२६ नोव्हेंबर, पुरुष वॉर्ड
जोया युनिफॉर्ममध्ये आली. सगळे पेशंट उठून बसले. तिला द्यायच्या सात सूचना काल लिहून काढल्या होत्या. कागद उशीखाली होता, पण हात सलाइनमध्ये. तिनं डॉक्टरांना दोनदा विचारलं, अंगठा वाचंल न्हवं? ते हो म्हणाले तेव्हा कुठे बॅग उचलली. मला म्हणाली, अब्बा, आता जाऊ? मी म्हटलं, जा. बाकी काही आठवलं नाही.

ती गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या माणसानं विचारलं, पावणं, का रडतायसा? म्हटलं, ड्रेसिंगचं दुखतंय.
ड्रेसिंग व्हायचं होतं अजून.