एकोणीस फुलांची बाही

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तू पहिल्याच ओळीत पकडशील.

सगळं बदललं ते गेल्या वर्षीच्या त्या सोमवारी. बाबांनी स्वेटरच्या बाहीवर बाराच्या जागी एकोणीस फुलं विणली. बाही गुडघ्याला टेकली. चाळीस वर्षं ज्या माणसाला टाके मोजावे लागले नाहीत, त्याला मी भर गिऱ्हाइकासमोर विचारलं, "हत्तीचं माप घेतलंत का?" गिऱ्हाईक हसलं, बाबाही हसले. संध्याकाळी दुकानात विणायचं मशीन पुसताना त्यांनी हळूच विचारलं, "किती झाली होती रे?" हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

पुढचं दवाखान्याचं तुला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की डीएनएमध्ये अक्षरांचा एक छोटासा तुकडा परत परत येतो, सगळ्यांच्यातच येतो. काहींच्यात फारच जास्त वेळा येतो, आणि त्यांची बुद्धी उतारवयात मंदावण्याची शक्यता वाढते. शिक्का नाही, शक्यता. बाबा म्हणाले, "म्हणजे माझी बाही जन्मापासूनच लांब."

आता खरं सांगतो. कॉलेज मी सरांशी भांडून सोडलं असं तुला कळवलं होतं, ते खोटं. बाबांसाठीही सोडलं नाही, ते शोभलं तरी असतं. दवाखान्यात रक्त घेणारी एक मुलगी आहे. तिच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसण्यात माझं अर्धं वर्ष गेलं. मुलांनाही तपासून घेता येतं म्हटल्यावर मी बाही वर सारली, ती तिनं हात धरावा म्हणून. फॉर्मवर दोन चौकोन होते, 'निकाल कळवा' आणि 'कळवू नका'. ती म्हणाली, घरी जाऊन विचार करा, घाई नाही. मी तिच्यादेखत पहिल्यावर टिक ठोकली. शूर ना मी! त्यानंतर आमचं जुळलं.

निकाल येऊन पंधरा दिवस झाले. बाबांसारखाच आहे.

तिला ठाऊक नाही, पाकीट बंद येतं. तेव्हापासून मी तिच्याशी कशावरूनही भांडतोय. म्हटलं, तीच कंटाळून जाईल, मला काही सांगावं लागणार नाही. काल ती शांतपणे म्हणाली, "भांडायचंच असेल तर खरं कारण घेऊन ये. मग भांडू."

ताई, तुझ्यात ते असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. तपासायचं का, ते तू ठरव. तुझ्या चौकोनात मी टिक करणार नाही.

बाबा हल्ली प्रत्येक फुलाला मोठ्यानं आकडा म्हणतात, मी पलीकडच्या मशीनवरून हुंकार देतो. बाराला दोघंही थांबतो.

तिची ड्यूटी तीनला सुटते. पाकीट खिशात घेतलंय, हे पत्र वाटेत पेटीत टाकेन. कुठे निघालास, असं बाबांनी विचारलं. आज पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"आठ झाली," म्हणाले. "उरलेली चार तू आल्यावर. जाताना दार ओढून घे."

उठलो. ओढून घेतो.

तुझा,
लांब बाहीचा धाकटा