पामटॉपला लावलेला टिळा

यवतमाळ,
२२ ऑक्टोबर २००५

प्रिय संघदीप,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पेरण्या चालू होत्या तेव्हा तुला शेवटचं पत्र टाकलं होतं, आणि आता वेचणी लागली. इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. कामाचं निमित्त सांगता येईल, पण ते अर्धंच खरं ठरेल. डायरीत दोन ओळी लिहायला रोज वेळ मिळत होता. तुला मात्र निवांत लिहू म्हणत राहिले आणि तो निवांतपणा काही आला नाही. आजही लिहिते आहे ती गरज पडली म्हणून. तुझ्या लक्षात येण्याआधी मीच कबूल केलेलं बरं.

आई बरी आहे. दसऱ्याला तिला दीक्षाभूमीवर नेऊन आणलं. गर्दीत तिचा गुडघा धरला, पण परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईला तिनं तुझ्या नोकरीपासून उर्वशीच्या पडलेल्या दातापर्यंत सगळं सांगून टाकलं. नातीला आजीची आठवण येते की नाही, हे तुला मुद्दाम विचारायला सांगितलं आहे.

आता गरज. आमची संस्था कापूस वेचणाऱ्या बायांच्या तब्येतीची पाहणी करते, हे तुला ठाऊक आहे. फवारणीनंतर कधी शेतात गेलात, डोळे चुरचुरतात का, चक्कर येते का, असं घरोघर विचारायचं आणि उत्तरं पामटॉपमध्ये, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये भरायची. ते आम्हाला कुणीतरी वापरून दिलेले आहेत, बारक्या सेलवर चालतात. ऑफिसात आलं की पामटॉप एका स्टँडमध्ये उभा करायचा. स्टँडची वायर मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेली असते. बटण दाबलं की उत्तरं तिकडे उतरतात. दसऱ्यानंतर माझ्या पामटॉपची उत्तरं उतरतच नाहीत. मोठा कॉम्प्युटर थोडा वेळ वाट पाहतो आणि समोर काही जोडलेलंच नाही असं सांगतो. पामटॉप चालू होतो, भरलेल्या घरांचे नंबर दाखवतो. पण पूर्ण केलेला फॉर्म त्याच्यावर पुन्हा उघडता येत नाही. कुणी मागाहून फेरफार करू नये म्हणून तशी कुलूपबंद सोय केलेली आहे.

आमच्या प्रमुख विमलताई म्हणाल्या की पंधरा-वीस दिवसांत जमलं नाही तर तेवढी घरं पुन्हा करू. त्यांचं चूक नाही, त्या घरांत काय बोलणं झालं ते त्यांना माहीत नाही. नेरच्या पुढच्या तांड्यावर रुपीबाई नावाची सून आहे. नुकत्याच फवारलेल्या शेतात ती वेचायला गेली तेव्हा तिला तिसरा महिना होता. वेचणी बंद होईल म्हणून तिनं दिवस गेल्याचं घरी सांगितलंच नव्हतं. चार दिवसांत पोट पडलं, तेही सांगितलं नाही. सासूला आजही काही ठाऊक नाही. हे सगळं ती माझ्याशी चुलीकडे तोंड करून बोलली, आणि शेवटी म्हणाली की आता एक डाव सांगितलं बाई, पुन्हा मले इचारू नको. मी हो म्हटलं.

ते मला अर्थातच आठवतं. पण आठवणीतून भरलेलं उत्तर माझं होईल, तिचं नाही. तिला वगळावं, तर तिचं बोलणं फुकट गेलं. म्हणून तिच्या दारात पुन्हा उभं राहण्याआधी तुझ्या दारात आले आहे. फोनवर तू भराभर सांगतोस आणि मी हं हं म्हणत विसरते, तेव्हा कागदावरच लिही. पत्र कॉम्प्युटरशेजारी ठेवून एकेक करीन.

माया कमी झालेली नाही, फक्त टपालात अडकली होती, असं समज.

तुझी,
दीपमालाताई


पुणे,
२६ ऑक्टोबर २००५

आदरणीय ताई,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. माफीचा परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. माफी मागतानाही स्वतःची उलटतपासणी घेणारी बाई आमच्या खानदानात एकच आहे, असं तिला सांगितलं. काहून वं एवढं मनाला लावून घेतेस? मीही पत्र टाकलं नव्हतंच की. आणि मी तर डायरीही लिहीत नाही.

उर्वशी आजीची आठवण रोज काढते, विशेषतः जेवणात भाजी नावडती असली की.

आता नीट वाच. पामटॉपच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून बघा, असं कुणीतरी शहाणा सांगेल. त्याला चहा पाज आणि घरी पाठव. टाचणीबरोबर चुकून दुसरं बटण दाबलं गेलं तर सगळी पाटी कोरी होते. दुसरं, या जुन्या यंत्रांची आठवण सेलवर जगते. सेल उतरले की आतलं सगळं गेलं. तेव्हा आजच नवे सेल आणून वेष्टण काढून हाताशी ठेव. जुने काढल्याबरोबर नवे घाल, मध्ये कुणाशी बोलू नको. आईशी तर नकोच.

मग दोष कुणाचा ते शोधू. संशयित तीन: पामटॉप, स्टँड आणि मोठा कॉम्प्युटर. दुसऱ्या कुणाचा पामटॉप त्याच स्टँडमध्ये ठेवून बघ. तोही उतरला नाही तर तुझा पामटॉप निर्दोष. तो उतरला तर मला एवढंच कळव, की शेवटचं व्यवस्थित उतरलं तेव्हापासून पहिल्यांदा अडलं तोपर्यंत यंत्राचं काय काय झालं. पडलं, भिजलं, उन्हात राहिलं, कुणी हाताळलं. तुझ्या डायरीचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काही उपयोग होतो आहे, तर लाजू नको. तुला जे बिनमहत्त्वाचं वाटेल ते आधी लिही.

रुपीबाईचं मी दोनदा वाचलं. मला यंत्राबद्दलच कळतं, ते सांगतो.

आईला गुडघ्यावर शेक घ्यायला सांग, आणि माझ्यावरचा जीव आहे तेवढाच राहू दे.

तुझा,
संघदीप


यवतमाळ,
३० ऑक्टोबर २००५

प्रिय संघदीप,
सप्रेम जय भीम.

सेल बदलले. मध्ये कुणाशी बोलले नाही. आई दारातून विचारत राहिली की हे पोरगी श्वास रोखून काय करून राह्यली, पण मी उत्तर दिलं नाही म्हणून तिला राग आला. तो अजून आहे.

दुसरा पामटॉप त्याच स्टँडमध्ये उभा केला, त्याची उत्तरं झटक्यात उतरली. म्हणजे दोषी माझाच. एक सांगायला हवं. तुझं पत्र येण्याआधी आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्यानं मोठा कॉम्प्युटर पुसून सगळं नव्यानं भरून दिलं. बाकीच्यांची जुनी उत्तरं आधीच दुसरीकडे उतरवून ठेवली होती, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. हे आधीच सांगायला हवं होतं का, कळत नाही.

डायरी पाहिली. शेवटचं नीट उतरलं ते नवमीच्या दोन-तीन दिवस आधी. नवमीला मी त्या तांड्यावर होते आणि दसऱ्यानंतर लगेच अडलं. पामटॉप पडला नाही, भिजला नाही. तू बिनमहत्त्वाचं लिही म्हणालास म्हणून लिहिते.

त्या दिवशी रुपीबाईशी बोलणं संपलं, फॉर्म पूर्ण केला, आणि तिची सासू जमनी घरात आली. नवमी म्हणून तिनं कामाच्या वस्तू ओसरीवर मांडल्या. विळा, खुरपं, कुऱ्हाड, आणि त्यांच्याच ओळीत फवारणीचा पंप. हळद-कुंकू तेलात कालवून तिनं एकेकाला टिळा लावला, वर तांदळाचे दाणे चिकटवले. मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली की बाई, तुयं बी पोट याच्यावरच हाये ना, मंग याले काहून उपाशी ठेवतं? मी आपल्याकडे असं करत नाहीत म्हणून सांगितलं. तिनं ते लगेच मानलं, माझ्या कपाळाला हात लावला नाही. पण मशीनले तर लावू दे, त्याले कोनती जात हाये, असं म्हणून हसली. रुपीबाईही हसली, त्या दिवसभरात पहिल्यांदा. मग मला नाही म्हणवलं नाही. पडदा खराब होऊ नये म्हणून पामटॉप मीच उलटा धरला आणि खालची कड पुढे केली. बसमध्ये पदरानं पुसून काढलं.

आईला हे आजच सांगितलं. मला वाटलं बावीस प्रतिज्ञांची आठवण देईल. ती म्हणाली की प्रतिज्ञा तुया आज्यानं घेतल्या, मशीननं घेतल्या का? राग विसरून बराच वेळ हसत होती.

दिवाळीचे दिवस आहेत, टपाल रेंगाळेल. तरी उत्तराची वाट पाहते हे लक्षात ठेव, आणि प्रकृतीला जप.

तुझी,
दीपमालाताई


पुणे,
५ नोव्हेंबर २००५

आदरणीय ताई,
सविनय जय भीम.

आरोपी सापडला. अख्ख्या पामटॉपला टिळा लावायला एवढी जागा होती, आणि तू नेमकी ती कड पुढे केलीस जिथून तो बोलतो. खालच्या कडेला एक फट आहे. तिच्यात पितळेसारख्या चपट्या पट्ट्यांची रांग दिसेल. स्टँडच्या पिना त्याच पट्ट्यांना टेकतात. तू पदरानं पुसलं नाहीस, वाळायला लागलेलं कुंकू आत दाबून बसवलंस. पडदा मात्र स्वच्छ राहिला असेल, अभिनंदन!

जमनीबाईंना दोष देऊ नको, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. विळ्याला फट नसते.

कापसाचा बोळा वापरू नको. यवतमाळकराला हे सांगणं पाप आहे, पण त्याचे धागे आत अडकतात. दात घासायचा जुना, मऊ ब्रश घे, स्पिरिटमध्ये जरासा बुडवून झटक आणि पट्ट्यांवरून हळू फिरव. पूर्ण वाळू दे. मग शाळेतल्या खोडरबराची कड करून पट्ट्या चमकेपर्यंत घास, आणि चुरा फुंकून काढ. सेल काढायचे नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा कॉम्प्युटर पुसलेला आहे, म्हणजे तुझ्या नावाचा त्याचा कप्पा रिकामा आहे. जोडलं की तो विचारील, दोघांतलं खरं कुणाचं धरू? तिथं चुकून कॉम्प्युटरचं खरं धर म्हणालीस तर तो आपला रिकामा कप्पा पामटॉपवर ओतेल आणि रुपीबाईसकट सगळं पुसलं जाईल. पडद्यावर हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप, म्हणजे पामटॉपचं खरं धर, असं लिहिलेलं असेल, तेच निवड. पुन्हा वाच, मग बटण दाब. तुझ्या शंकेखोर स्वभावाची देशाला गरज असलेला हा एकच क्षण आहे.

उर्वशीनं आजीसाठी चित्र काढलंय, सोबत पाठवतो. तो गुडघा आहे, टेकडी नाही.

जिव्हाळा आहे तो असाच वाहता असू दे.

तुझा,
संघदीप


यवतमाळ,
११ नोव्हेंबर २००५

प्रिय संघदीप,
सप्रेम जय भीम. वि. वि.

उतरलं. सगळं उतरलं.

ब्रश लाल झाला. फटीतून तांदळाचा अर्धा दाणाही निघाला. खोडरबर फिरवलं, तुझं पत्र समोर ठेवून बटण दाबलं, आणि त्यानं तू म्हणालास तोच प्रश्न विचारला. मी एकदा हात मागे घेतला. विमलताईंना बोलावून त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या की दीपमाला, आता दाब, नाहीतर मी दाबते. मग दाबलं. तुझे उपकार मानत नाही, तुला ते आवडत नाही. आईनं मात्र ऑफिसातल्या सगळ्यांसाठी चिवडा पाठवला आणि तो तुझ्या नावानं वाटायला लावला. गुडघ्याचं चित्र तिनं भिंतीवर लावलं आहे.

इथवरची बातमी चांगली. पुढचं लिहायला मला जड जातं.

पामटॉपच्या पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न दिसतो. मोठ्या पडद्यावर सगळं घर एका ओळीत दिसलं. रुपीबाई, पुढे नवऱ्याचं नाव, पुढे तांडा, पुढे सासू घरात आहे, आणि त्याच ओळीत तिचं पोट पडल्याचं. माझ्या मागून जाणाऱ्या माणसालाही सहज वाचता यावं एवढ्या अक्षरांत. आमची पद्धत अशी की पाहणी संपली की ती त्याच गावात सभा घेऊन वाचून दाखवायची. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती कळलीच पाहिजे. या पद्धतीसाठी मी स्वतः भांडले आहे. पण त्या सभेत जमनी पुढेच बसेल.

मी विमलताईंकडे गेले. त्या म्हणाल्या की नावं गाळून फक्त आकडे वाचू. पण त्या तांड्यावर मोजकी घरं आहेत. असं एका बाईचं झालं एवढं वाचलं तरी बायका एकमेकींकडे पाहतील, आणि संध्याकाळपर्यंत नाव ठरलेलं असेल, बरोबर किंवा चूक. मग म्हटलं, ओळच काढून टाकू? पण रुपीबाईनं ते मला सांगितलं ते मी पुसावं म्हणून नाही. ठेवणं आणि पुसणं, दोन्ही माझ्या हातात आहे, म्हणूनच मी ते ठरवू नये असं वाटतं. विमलताईंनी अहवाल सोमवारपर्यंत थांबवला आहे.

म्हणजे तिला विचारावंच लागणार. तिनं पुन्हा विचारू नको म्हटलं होतं ते त्या दिवसांबद्दल. मी विचारणार ते एवढंच, की हे कुणापर्यंत जाऊ द्यायचं. हा प्रश्न वेगळा आहे अशी मी स्वतःची समजूत घालते. ती खरी आहे की सोयीची, हे तिच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही. आईला मी नाव न घेता विचारलं. ती म्हणाली की जाय, पण घरात नोको बोलू, अन् ते नाही म्हनली तर तोंड वाकडं करू नोको, मुकाट्यानं तिच्या मनासारखं कर.

जमनी आता वेचायला जात नाही, उन्हाचं तिला सोसत नाही. शेतात रुपीबाई एकटी असते, म्हणजे बायांत असते, पण प्रत्येकीची कपाशीच्या ओळींची आपापली पात असते आणि मान खाली असते. तिथं बोलता येईल. ती नाही म्हणाली तर ओळ पुसायला मी तुला विचारणार नाही, ते मला येतं.

तुम्हा तिघांची खुशाली कळव, आणि या बहिणीवर राग आला तरी पत्र टाकायचं सोडू नको.

तुझी,
दीपमालाताई

ता. क. उद्याचं काम: पहिल्या गाडीनं नेरला जाऊन रुपीबाईच्या शेजारची पात धरणे.