पंपाच्या खोलीवरची पॅनेलं

बाक लिएउ, १२ फेब्रुवारी

चि. थोआस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. ताम काकांनी विकलेल्या सोलर पॅनेलांनी वर्षभरात मान टाकली. तळ्याच्या पाण्यात हवा घुसळणारी चाकं बॅटरी पुरत नाही म्हणून पहाटे मंदावतात आणि कोळंबी श्वासासाठी वर येते. मी चार लोकांत सांगून टाकलं, की तामनं फुटका माल माझ्या गळ्यात मारला आणि त्याच्या मुलाशी आपल्या येनचं लग्न मी होऊ देणार नाही. तेव्हापासून तुझी धाकटी बहीण माझ्याशी बोलत नाही.

सोबत आईनं वाळवलेले मासे आहेत. यंदा एकही माशी बसलेली नाही. कसं, विचारलं तर नुसती हसते.

चिडका असलो तरी बापावर लोभ ठेव.

— बाबा

बिएन होआ, २० फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मासे अख्ख्या वसतिगृहानं फस्त केले. आईला म्हणावं, अजून पाठव.

आजोबांच्या श्राद्धाला येताना आमच्या पॅनेलच्या कारखान्यातला जुना कॅमेरा मागून आणते. पॅनेलमध्ये बाहेरून वीज सोडली की ते मंद उजळतं. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, या कॅमेऱ्याला अंधारात दिसतो. आतला सेल तडकला असेल तिथे काळं उमटतं. दिवसभर मी इथे तेच बघते. तोवर ताम काकांच्या दारावरून जाताना तोंड आवरा. येनच्या जन्माचा प्रश्न आहे.

आईला नमस्कार, येनला गालगुच्चा.

— थोआ

बिएन होआ, ११ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. ताडपत्रीखाली काढलेले फोटो तिथे नीट कळले नव्हते, इथे मोठे करून पाहिले. माल फुटका नव्हता. खालच्या कडेनं जोडीजोडीनं काळे डाग आहेत, आणि काचेवर साधा ओरखडाही नाही. तिथे कुणीतरी रोज गुडघे टेकलेत. तुमचा गुडघा तर दोन वर्षं वाकत नाही.

चौकटीच्या खाचेत मला माशाचे खवले दिसले होते. मी मांजरावर ढकललं. बाबा, तापलेली स्वच्छ काच, वर माशी नाही की कुत्रं नाही. मी मागत गेले आणि आई मासे घेऊन छपरावर चढत गेली. मला फार वाईट वाटतंय. तिच्यावर ओरडू नका, आणि ताम काकांकडे जा.

आपली, जिभेचे चोचले पुरवणारी,

— थोआ

बाक लिएउ, १९ मार्च

चि. थोआस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. गुडघ्यानं आत काही तडकतं हे तिच्या गावीही नव्हतं. चुलीकडे तोंड करून रडली.

मी पानसुपारीचं तबक घेऊन तामकडे गेलो. माफीची वाक्यं वाटेत पाठ केली होती. त्यानं पान उचललं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, की वहिनींना त्यानं टेटच्या सणाआधीच वर मासे पसरताना पाहिलं होतं. मग इतके दिवस माझ्या शिव्या का खाल्ल्यास, असं मी विचारलं. तो म्हणाला, उद्याच्या विहीणबाईंनी माझ्यासमोर मान खाली घालून बसावं, त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

थोआ, पाठ केलेली वाक्यं सोडून मी त्याच्या हातात दुसरं पान ठेवलं. येनला असं घर मिळतंय आणि मी ते मोडायला निघालो होतो.

साखरपुडा पुढच्या पौर्णिमेला. मासे आता बांबूच्या ताटीवर वाळतात. माश्या बसतात, धुऊन खा.

आई म्हणते, लोभ आहेच, तो वाढव.

— बाबा