खरवडलेली दलदल

१२ मार्च

धाकटे,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव. पोस्ट अजून चालू आहे असं ऐकते. माझी तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, पण वरच्या मजल्यावरच्या बाईंपेक्षा कमी. तुझी साखर कशी आहे हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही कोण जाणे, म्हणून विचारत नाही. कशी आहे?

इथे सगळं जागच्या जागी आहे. परवा विजेचा मीटरवाला आला होता. आकडा टिपून घेतला आणि मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाला, "बाई, घरात कोणी राहतं ना? आकडा हलतच नाही." मी म्हटलं, "राहतं. हलत नाही." तो हसला. मी दार लावलं आणि बराच वेळ दाराशीच उभी राहिले.

आता बातमी. पालिकेला अक्कल आली आहे. एकोणीस वर्षं मी वर्तमानपत्राला पत्रं लिहिली, त्यातली चार छापून आली, तीही चुकीच्या जागी स्वल्पविराम देऊन. आता म्हणे तो सिमेंटचा नाला फोडणार, ओढ्याला पुन्हा वळू देणार आणि मागच्या कुरणात पाणी पसरू देणार. दुसऱ्या पुरानंतर तिथली वस्ती ओस पडली, ती जागा आता लव्हाळ्याला आणि पाणकणसांना द्यायची. पाऊस आला की जमीन पाणी पिऊन धरून ठेवेल आणि खालच्या गल्लीतल्या तळमजल्यांत ते शिरणार नाही. उन्हाळ्यात विहिरींनाही ओल राहील.

हे सांगायला एक इंजिनिअर मुलगी आली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट. माझ्या पायपुसण्यावर अख्खा ओढा आणून ठेवला.

"आजी, याला निसर्गाधारित उपाय म्हणतात."

"आम्ही लहान असताना याला चिखल म्हणायचो. आणि आजी म्हणू नकोस, मी कोणाची आजी नाही."

"मग काय म्हणू?"

"मॅडम म्हण. तेहेतीस वर्षं म्हणत होते लोक."

"बरं, मॅडम आजी."

वाह्यात आहे, पण काम नीट करते. तिला जुना नकाशा हवा होता. नाला बांधायच्या आधी ओढा कुठून वळायचा, दलदल कुठवर होती, हे पालिकेत कुठेच सापडत नाही. जो नकाशा आहे त्यात ओढा सरळ आणि कुरण कोरडं ठणठणीत. मोजणीच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. कोणीतरी तिला सांगितलं, जुन्या आरेखक बाई अजून जिवंत आहेत.

मी म्हटलं, माझ्याकडे काही नाही. चहासुद्धा विचारला नाही.

नकाशा कपाटावर होता, धाकटे. जुन्या चादरीत गुंडाळलेला. माझ्या निरोपाच्या दिवशी ऑफिसने मला एक घड्याळ दिलं आणि मी ऑफिसचा एक नकाशा चोरला. जुनी भेंडोळी रद्दीत चालली होती, त्यातलं हे एकच काढून घेतलं. घड्याळ तीन महिन्यांत बंद पडलं.

तुला माझं काम कधी बघावंसं वाटलं नाही, म्हणून सांगते. मूळ नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने काढायचा. चुकलं तर खोडरबर चालत नाही. ब्लेड आडवं धरून शाई खरवडायची, हलक्या हाताने, आणि मग ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर वरून ओढलेली नवी रेघ फुटते. छापलेल्या प्रतीत काही कळत नाही. पण मूळ कापड उजेडापुढे धरलं की खरवडलेलं सगळं दिसतं.

दलदल दाखवायला गवताचे छोटे झुपके काढतात. एक आडवी रेघ आणि तिच्यावर पाच काड्या. त्या कुरणात असे दोनशेच्या वर झुपके मी स्वतः काढले होते, मन लावून. आणि पुढच्याच महिन्यात मीच ते एकेक करून खरवडले. ओढ्याचं वळणही.

आजवर मी सगळ्यांना सांगत आले की साहेबांचा हुकूम होता. पत्रांतही तेच लिहिलं, "वरिष्ठांच्या निष्काळजीपणामुळे". हुकूम नव्हता. साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही त्याच भागातल्या ना? ही दलदल खरंच आहे, की मोजणीवाल्यांनी फुगवून दाखवलीये? प्लॉट बसत नाहीत." विचारलं होतं त्यांनी. मी नुसतं "आहे" म्हटलं असतं तर ते पुढच्या टेबलाकडे गेले असते.

मी म्हटलं, "कोरडीच असते, साहेब."

का? तुला शाळेतली शिवणाची सिस्टर आठवते? रोज सकाळी आपले मोजे तपासायची. ओळीतून बाहेर काढायची आणि सगळ्या वर्गाला सांगायची, पाहा, चिखलातल्या मुली आल्या. तू फिदीफिदी हसायचीस आणि संध्याकाळी पुन्हा त्याच पाण्यात. मी नाही हसले. मी ठरवलं होतं की एक दिवस हा चिखल पुसून टाकीन. ब्लेडखालून ते झुपके निघत होते तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं, की मी गुणगुणत होते.

इथवर लिहून मी उठले, भांडी घासली. दोन भांडी, चार वेळा.

पुढचं तुला ठाऊक आहेच. पण तू ते कधी तोंडावर बोलली नाहीस आणि मीही नाही, म्हणून एकदा कागदावर येऊ दे. तू आणि तुझे बाइंडरसाहेब त्याच कुरणातल्या प्लॉटचा कागद घेऊन माझ्याकडे आलात. खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर घर, असं ते हातवारे करून सांगत होते. तू नकाशावर बोट ठेवून विचारलंस, "इथे आपण डुंबायचो ना गं ताई? पाणी नाही ना येणार?"

मी म्हटलं, "नकाशावर कुठे दिसतंय पाणी?"

साहेबांशी खोटं बोलले ते नोकरीत बोलले. तुझ्याशी का बोलले? कारण खरं सांगायचं तर आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी तुझा नवरा पुराच्या त्या दुपारी कमरेएवढ्या पाण्यात, लोकांच्या पुस्तकांचे गठ्ठे डोक्यावर धरून तीन तास उभा राहिला आणि त्याची छाती पुन्हा कधी सुधारली नाही. तू मला विचारलंस, "तुला माहीत होतं?" आणि मी तुला पालिकेच्या कारभारावर अर्धा तास भाषण दिलं. तू ऐकून घेतलंस, पदर खोचलास आणि चिखल उपसायला गेलीस.

बाइंडरसाहेब गेल्याचं मला तुझ्या शेजारच्या शिंपिणीकडून कळलं. मी निघाले होते. बसस्थानकावर तीन बस सोडल्या आणि परत आले. शिव्या कंडक्टरला घातल्या.

इंजिनिअर मुलगी काल पुन्हा आली, बूट बाहेर काढून. मी नकाशा खिडकीच्या काचेला लावला. उन्हात सगळे झुपके दिसले, पांढुरके. ओढ्याचं वळणही. ती कितीतरी वेळ बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मॅडम, हे खरवडलं कोणी?" आजी म्हणाली नाही. मी कोपऱ्यातल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. सगळं सांगितलं, तुला लिहिलंय तसं. तिने लिहून घेतलं. धीर वगैरे दिला नाही, ते बरं केलं.

पण एका जागी माझं ब्लेड आरपार गेलं होतं आणि तिथे मी ठिगळ लावलं होतं. पूर्वेचा काठ. तिथे खुणाच नाहीत. ती म्हणाली, "पाणी इथे कुठवर यायचं, आठवतं का?"

मला कसं आठवणार? मी कायम बांधावर, दोघींचे मोजे हातात धरून. त्या पाण्यात मी एकदाही उतरले नाही. कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं, तुझा डावा बूट अजून कुठे रुतून बसला आहे, हे तुझ्या पायांना माहीत. पृथ्वीवर आता दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

येत्या पंचवीस तारखेला सकाळी नऊला खुंट्या ठोकणार आहेत. काठ चुकला तर पाणी पुन्हा खालच्या गल्लीत जाईल, म्हणून कोणीतरी चालून दाखवायला हवं. माझ्यासाठी ये असं म्हणत नाही. माझ्या घरी उतरू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. चालून दाखव आणि जा. मी बांधावर उभी असेन. तुझ्या चपला धरायला कोणीतरी लागेल.

माफी मागायला आपल्याला गुडघ्यांवर बसवून शिकवलं होतं, ते पाठांतर मला अजून येतं. तुला ते नको, म्हणून लिहीत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात असतो तसा सह्यांचा चौकोन खाली आखते आहे. त्या नकाशावर दोन्ही ओळी मीच भरल्या होत्या. या वेळी एकच भरते.

रेखाटले: ताई

तपासले: