पुढे लावलेलं घड्याळ

परदेशीपुरा, इंदूर
शनिवार, ८ नोव्हेंबर २००३

प्रिय परेश,

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. पीथमपूरच्या कारखान्याची बस बाबांना माझ्यामुळे चुकली, असं मी तुला लिहिलं होतं. ते तसं नव्हतं. लिहिताना मी ते खरंच मानत होते. पण त्याच्या खाली मी जे लिहिलं तेही तू वाचलंस, म्हणून दुरुस्तीही तुझ्यापर्यंतच पोचायला हवी. चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, गिरणीतून पाळी संपवून आले की बाबाच शिकवायचे, हे तुला माहीत आहे. त्यांचा नियम होता: चुकलेलं गिरवून काळं करायचं नाही. एक आडवी रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं.

आमचं भिंतीवरचं घड्याळ तुला आठवत असेल. बाबांची पहिली पाळी चुकू नये म्हणून आई ते दहा मिनिटं पुढे लावायची. गिरणीला कुलूप लागून बारा वर्षं होत आली, तरी घड्याळ पुढेच. घरातले सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतात, म्हणजे पुढे लावण्याचा उपयोग काहीच नाही. पण आईला सांगणार कोण. ऑगस्टमध्ये बाबांना पीथमपूरहून कामाचं बोलावणं आलं, तेव्हा आदल्या संध्याकाळी मी ते घड्याळ रेडिओच्या वेळेशी मिळवलं. एवढ्या महत्त्वाच्या दिवशी तरी घरात खरी वेळ असावी, असं वाटलं. आणि ते कुणाला सांगायचं राहून गेलं. सकाळी बाबा गेले, दुपारी परत आले. ‘बस निघून गेली,’ एवढंच म्हणाले. मी लगेच धरून चालले की त्यांनी सवयीने दहा मिनिटं वजा केली असणार. सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांपाशी भुट्ट्याच्या किसाचा दोना हातात धरून तू लग्नाचं जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी त्याच आठवड्यात लिहून टाकलं: बाबांची नोकरी मी घालवली, ते कुठे लागेपर्यंत मी घर सोडणार नाही, तू थांबू नकोस.

त्या दिवसांत ऑफिसातही माझं काही जमत नव्हतं. तुला साधं करून सांगते. आमच्याकडे एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात पाच-सहा बनावट कॉम्प्युटर चालतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत. त्यांना आळीपाळीने वेळ वाटून देणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायझर म्हणतात. बनावट कॉम्प्युटर त्याला सांगतो, मला अमुक क्षणी उठव. हायपरवायझर गजर लावतो. पण गजर वाजल्यावर त्याला जागं करून त्याची पाळी सुरू करण्यात थोडा वेळ जातोच. म्हणून तो नेहमी किंचित उशिरा उठतो. पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी कमी उशीर, पण फोनवरचं बोलणं वाहून नेणारं काम असेल तर तेवढ्यानेही आवाज तुटतो. तेव्हा गजर जरा आधी लावायचा. किती आधी, ते प्रत्येक मशीनवर वेगळं, म्हणून प्रोग्रामने ते स्वतःच शिकायचं: उशीर झाला तर पुढचा गजर थोडा अलीकडे, लवकर झालं तर थोडा पलीकडे. म्हणजे आईचंच घड्याळ, फक्त आपणहून सरकणारं. हे शिकवायचं काम माझ्याकडे होतं, आणि माझा प्रोग्राम एका जागी ठरतच नव्हता. छान चालता चालता गजर एकदम इतका अलीकडे सरकायचा की बनावट कॉम्प्युटर उगाच उठून बसायचे आणि दुसऱ्यांचा वेळ खायचे. आमचे मुख्य नीरजजी येता-जाता म्हणायचे, ‘सुरभीजी, आपका मुर्गा आज भी आधी रात को बांग दे रहा है.’ मी हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाही.

मग गेल्या सोमवारी आई बाबांचा सदरा धुवायला घेत होती. ऑगस्टपासून बाबा रोज सकाळी फिरायला म्हणून जातात ते जेवायलाच परत येतात. खिशाच्या शिवणीत कापसाची लव निघाली. आईने सदरा त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, ‘नेहरू पार्कात आता कापूस पिकतो वाटतं?’ बाबा आधी हसले आणि मग सांगायला लागले. त्या दिवशी ते चौकात बसच्या आधीच पोचले होते. पण पीथमपूरचं काम फाटकावर टोपी-शिट्टी घेऊन उभं राहायचं होतं. बस समोर येऊन थांबली, कंडक्टरने विचारलंही, ‘चलना है क्या, दादा?’ बाबा म्हणाले, ‘नहीं भिया, हम तो ऐसेच बैठे हैं.’ बस गेल्यावर ते चालत पोलोग्राउंडच्या कारखान्यांकडे गेले. त्यांच्याबरोबर मागावर असलेल्या गोपीनाथजींनी तिथे दोन जुने माग आणून खाटांची नवार विणायला घेतली आहे. तेव्हापासून दुसऱ्या मागावर बाबा असतात. पक्कं होईपर्यंत सांगायचं नव्हतं, आणि ते याच महिन्यात पक्कं झालं. मी विचारलं, ‘पण घड्याळ?’ बाबा म्हणाले, ‘त्याच्याकडे या घरात कुणी बघतं का? मी तर दूधवाल्याच्या कॅनच्या खडखडाटावर उठतो.’ तेवढ्यात आई म्हणाली, ‘आणि ते तर मी त्याच रात्री परत पुढे केलं होतं. कुणीतरी मागे केलेलं दिसलं.’ म्हणजे माझी खरी वेळ सकाळपर्यंत टिकलीसुद्धा नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तो प्रोग्राम पुन्हा वाचला. मी प्रत्येक उशीर गजराच्याच माथी मारत होते. खरं तर अधूनमधून अख्खं मशीनच दुसऱ्या कामात अडकलेलं असायचं. तो मोठा उशीर गजराचा नव्हताच, आणि माझा प्रोग्राम त्यावरूनही शिकत बसायचा. मी दोन गोष्टी घातल्या: अवाजवी मोठा उशीर शिकण्यात धरायचा नाही; आणि फरक पुरेसा लहान झाला की सरकवणं थांबवायचं. दुसरी लिहिताना अडले, कारण पुरेसं म्हणजे किती हे मला कशातच ठरवता आलेलं नाही. तरी एक आकडा लिहिला. कालपर्यंत मशीन न डगमगता चाललं. ‘मुर्गा सुधर गया,’ नीरजजी म्हणाले, आणि सगळ्यांना समोसे मागवले.

तर मागच्या पत्रातल्या त्या ओळीवर मी आडवी रेघ मारते आहे, आणि खालच्या ‘थांबू नकोस’वरही. तू थांबला नसशील तर तो तुझा दोष नाही. मी सांगितलं तसंच वागलास. तसं असेल तर पुढच्या शनिवारपर्यंत ऑफिसात फोन कर, मी नीट ऐकून घेईन. फोन आला नाही तर तू थांबला आहेस असं मी समजेन. घरी उद्याच सांगता आलं असतं, पण ते आधी तुला कळायला हवं. टपाल पुण्याला कधी तीन दिवसांत पोचतं, कधी पाच, म्हणून पत्र आजच टाकते आहे, वर तुला विचार करायला दोन दिवस उरतील एवढं आधी. रविवारी बाबांना सुट्टी असते, पोहे होतात, आईसुद्धा आमच्याबरोबर बशी घेऊन बसते. त्या वेळी मी दोघांना तुझं नाव सांगणार आहे. रविवार, १६ नोव्हेंबर.

तुझीच, आणि यावर रेघ नाही,
सुरभी