अमुकच्या जागी

अहो,

मायना एवढाच. बेचाळीस वर्षं याच हाकेवर काढली, आता तुम्ही गेल्यावर 'प्रिय' कुठून आणू? आणि हे पत्र काही प्रेमाने लिहीत नाहीये. चिडून लिहितेय.

परवा सदाभाऊजी आले होते. तुमच्या मागे पावस गावातली लग्नं तुमचे हे चुलतभाऊच लावतात. म्हणाले, "वहिनी, दादाची लग्नाच्या मंत्रांची वही द्या. त्याने मराठीत अर्थ लिहिलेत, तसे छापील पोथीत नाहीत." म्हटलं, काढून ठेवते. देण्याआधी धूळ पुसावी म्हणून उघडली, तिथेच फसले.

ते अर्थ मला ऐकून ऐकून पाठ आहेत. मांडवात मंत्र थांबवून सांगायचात, हजारो वर्षांपूर्वीचा तो नवरा बायकोचा हात धरतो, तिला घराचं भाग्य म्हणतो. मग नवरदेवाला विचारायचात, "ऋषींना बायकोचं कौतुक करायची लाज वाटली नाही, तुला का वाटावी रे?" सगळा मांडव हसायचा. मी बायकांत बसून मनात म्हणायचे, घरी चला, मग बघते.

घरी काय? फणसाची भाजी करा, कुळथाचं पिठलं करा, तोंडातून शब्द एकच. "चालेल." हौसेने नवी साडी नेसून पुढे उभी राहिले तर विचारलंत, "माझं उपरणं कुठे गेलं?" एकदा तर सरळ विचारलं की लोकांच्या सुनांना एवढं ऐकवता, मला कधी? तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "ते संस्कृतात बरं दिसतं." काय बोलायचं अशा माणसाशी!

माझं नावसुद्धा ठेवलं नाहीत तुम्ही लोकांनी. आंजर्ल्याची मंदाकिनी मी. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरात मंद कोणी नको. ताटातल्या तांदळात अंगठीने 'उमा' लिहिलंत ते तुम्हीच, मान वर न करता. माहेरी भाऊ होते तोवर 'मंदा' म्हणणारं कोणीतरी होतं. आता कोणी नाही.

आणि तीन वर्षांपूर्वीचं ते लग्न आठवतं? कन्यादानात नवरीचं नाव चुकलात म्हणून गावभर झालं. मी खोदखोदून विचारलं, कुणाचं नाव घेतलंत? "घेतलं काहीतरी." वाचताना नीट दिसलं नसेल म्हणून मी तुम्हाला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तेही गुपचूप आलात. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे.

काल वहीत कन्यादानाचं पान आलं. पोथीत तिथे 'अमुक' असतं, त्या जागी दर लग्नात नवरीचं माहेरचं नाव घ्यायचं. तुमच्या वहीत 'अमुक' नाहीच. तिथे 'मंदाकिनी' लिहिलंय. शाई पार विटकी, म्हणजे वही केलीत तेव्हाचीच.

मी सदाभाऊजींना फोन लावला. त्या लग्नात दादा काय नाव म्हणाला हो? ते हसायला लागले. "मंदाकिनी की काहीसं. नवरीचा बापही मागोमाग तेच म्हणून मोकळा झाला. शेवटी पोरगीच म्हणाली, बाबा, मी सई." त्यांना मी कायमची उमावहिनी, त्यांना काय कळणार?

म्हणजे एवढी वर्षं परक्यांच्या मांडवात माझ्या नावावर बोट ठेवून दुसरीचं नाव घेत होतात. आणि पानावरचं नाव एकदाच तोंडात आलं, तेही मी तिथे नसताना. घरी येऊन मला एकदा 'मंदा' म्हटलं असतंत तर जीभ झडली असती का? मी चहाचा कप हातात धरून रडले काल. रागानेच. थोडं सुखानेही, पण ते तुम्हाला कळायची गरज नाही.

सदाभाऊजींना वही मिळेल. माझ्या अक्षरातली. सगळे मंत्र, सगळे अर्थ मी नव्या वहीत उतरवून देणार आहे, आणि त्या ओळीत नीट 'अमुक' लिहिणार आहे, म्हणजे पुन्हा कुणाच्या लेकीच्या लग्नात घोटाळा नको. तुमची वही कपाटात माझ्या साड्यांखाली राहील. ती मी कुणालाही देणार नाही, हा शब्द.

तुमची,
मंदाकिनी